तब्रीझच्या बाजारात, चपला काढून

अंगावर काहीतरी जाडजूड घ्या. वसंत लागलाय खरा, पण सहंद डोंगरावर अजून बर्फ आहे आणि तिथून उतरणारं वारं कानांना झोंबतं. पायात झटकन निघतील अशा वहाणा असू द्या. आज त्या पुष्कळदा काढायच्या आहेत. आपण उतरतोय इराणच्या वायव्य कोपऱ्यात, तब्रीझला. साल 1890 च्या जरा अलीकडे-पलीकडे. नेमकं कोणतं, ते इथे कुणी विचारणार नाही. इथे एकच प्रश्न असतो: घ्यायला आलात की विकायला?

"खबरदार! खबरदार!"

भिंतीला चिकटा, लवकर! तुमच्या खांद्याला खरवडून गेला तो हमाल. पाठीवर अख्खा गुंडाळलेला गालिचा, कंबर काटकोनात वाकलेली, डोळ्यांसमोर फक्त पायाखालची जमीन. त्याला तुम्ही दिसतच नाही, म्हणून तो ओरडतो; वाट करून द्यायची ती तुम्ही. त्याच्यामागून घुंगरं वाजवत खेचरं, खेचरांमागून डोक्यावर भाकऱ्यांची चळत घेतलेलं पोर, मग पायघोळ चादरी पांघरलेल्या, पांढऱ्या पडद्याने तोंड झाकलेल्या दोन बायका. आणि या सगळ्यांच्या मधोमध तुम्ही, कुठे वळायचं ते न कळून उभे.

नाकावर विसंबा. तापलेल्या खड्यांवर भाजलेल्या भाकरीचा वास डावीकडून येतोय, ती संगक. जाड शेपटीच्या मेंढीच्या चरबीत चुरचुरणाऱ्या कबाबांचा धूर समोरून. उजवीकडून तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा कानठळ्या बसवणारा गजर. या सगळ्याखालून, लिदीच्या, हुक्क्याच्या आणि सुक्या जर्दाळूंच्या वासाखालून, एक तेलकट उग्र वास सतत येत राहतो. तो कच्च्या लोकरीचा. जिथे तो दाट होत जाईल तिकडे चालत राहा.

वर बघा. हा अख्खा बाजार छपराखाली आहे: विटांचे घुमट, एकामागून एक, कोसभर. प्रत्येक घुमटाच्या माथ्याला झरोका आणि त्यातून उतरलेला उन्हाचा तिरपा खांब. त्या खांबात काहीतरी तरंगतंय ना? लोकरीची धूळ. घसा आताच खवखवायला लागला असेल. इथल्या माणसांचा तो जन्मभर खवखवतो.

आलो आपण. मुझफ्फरिया तीमचा, म्हणजे गालिच्यांच्या व्यापाऱ्यांचा छप्परबंद चौक. बांधून फार वर्षं झालेली नाहीत. दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांमागे पेढ्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत माणसाच्या छातीएवढे गालिच्यांचे ढीग. ओट्यावर कातड्याची उंच टोपी घातलेला एक दाढीवाला गृहस्थ बसलाय. त्याला सगळे 'हाजी आगा' म्हणतात, तुम्हीही म्हणा. "बुयुरून, बुयुरून," असं म्हणत तो हात पसरून जागा दाखवतो. वहाणा काढा आणि चढा. समोवारमधला चहा चिमुकल्या काचेच्या पेल्यात येईल, रंगाने लालबुंद आणि बिनसाखरेचा. बशीतला साखरेचा टणक खडा पुढच्या दातांत धरायचा आणि त्यातून चहा ओढायचा. जीभ भाजेल. भाजू दे, तेवढ्याने तुम्ही पाहुणे ठरता.

आता हाजी आगाचा पोऱ्या पहिला गालिचा तुमच्यासमोर भिरकावतो. हवेत उलगडून तो धप्पकन जमिनीवर पडतो आणि थंड झुळूक पायांना लागते. तांबडी जमीन, मधे मोठं पदक, कडेला निळी वेलबुट्टी. तुम्ही वाकून हात फिरवता, वाहवा करता. हाजी आगा मान हलवतो, कोपरा धरतो आणि तो उलटा करतो.

या बाजारात गालिचा बघायची सुरुवात पाठीपासून होते. नखाने चाचपडा. उभे धागे, म्हणजे ताणा, पोटात लपलेत. आडवा बाणा ओळीओळीने दाबून बसवलाय. आणि दोन बाण्यांच्या मधे बारीक दाण्यांची रांग आहे. तो एकेक दाणा म्हणजे एकेक गाठ, एका माणसाच्या बोटांनी वेगळी मारलेली. गाठीची कापलेली टोकं पलीकडे उभी राहतात. तीच लव, जिच्यावरून तुम्ही मघाशी हात फिरवलात. लव असलेला तो गालिचा. लव नसलेली, नुसत्या ताण्याबाण्याची सपाट वीण ती वेगळी जात. तिच्यात किलीम, सुमाक, जाजीम येतात. बाजारातल्या मालाची ही पहिली फाळणी. पुढच्या फाळण्या मात्र ओट्यावर बसून कळत नाहीत. त्यासाठी विणणारी माणसं कशी राहतात ते बघावं लागतं. जे सारखे हलतात त्यांचा माग हलतो, जे बसून राहतात त्यांचा माग भिंतीत रुततो, आणि गालिच्याची जात तिथेच ठरते. चहा संपवा आणि उठा.

काळ ओलांडून आलेल्या माणसाला कोसांची काय मातब्बरी! चला, सवलान पर्वताच्या वाटेवर. शाहसेवन धनगरांची टोळी मुगानच्या हिवाळी कुरणातून उन्हाळ्यासाठी वर निघाली आहे. आधी कुत्री. हलू नका, ती थांबतील. मग मेंढ्यांचा लोट, धूळ, कोकरांचं केकाटणं, आणि मग उंट. प्रत्येक उंटाच्या दोन्ही बरगड्यांना एकेक चौकोनी विणलेली पेटी लटकते आहे. ती मफ्रश. रजया, उशा, पांघरुणं, कधीकधी तान्हं मूलसुद्धा तिच्यात. हात लावून बघा: लव नाही, पण साध्या सपाट विणीपेक्षा जाड आणि घट्ट. हीच सुमाक वीण. रंगीत धागा चार ताण्यांवरून पुढे न्यायचा, दोनांखालून मागे घ्यायचा, पुन्हा चारांवरून पुढे. ताण्याला नुसतं गुंडाळत जायचं. उलट्या बाजूला धाग्यांची लोंबती टोकं दिसतील, त्यांवरून ती अचूक ओळखता येते. हिच्यात फट राहत नाही, म्हणून उंटाच्या हेलकाव्यांत पेटीतलं काही सांडत नाही. दिसायला ती सुंदर आहेच. त्या उंटामागून तीन आठवडे चालणाऱ्या बाईला मात्र आधी तिचा मजबूतपणा हवा होता.

मुक्कामाला तंबू उभा राहतो, नमद्याचा घुमट. नमदा विणलेला नसतो; ओल्या लोकरीला गरम पाण्यात लाटून, हातांनी आणि छातीने रेटून तो जमवतात. आत शिरा. डोळ्यांत धूर जाईल, शेणाच्या गोवऱ्या जळताहेत. ताकाचा आंबूस वास, ओल्या कुत्र्याचा वास आणि पुन्हा ती लोकर. खांबाला एक अजब पिशवी टांगली आहे, खाली रुंद, वर चिंचोळ्या मानेची. मिठाची. मेंढ्यांना मीठ चारायचं असतं, आणि मान चिंचोळी असल्याने कुठल्याही बकरीला परस्पर तोंड घालता येत नाही. खोगिरावर टाकायची दुहेरी खुर्जीन, तंबूत टाकायचं किलीम, रजयांच्या चळतीवर झाकायचा पट्ट्यापट्ट्यांचा जाजीम: या घरात कपाट नाही, पेटारा नाही, भिंत नाही. नमदा सोडला तर जे काही आहे ते सगळं विणलेलं आहे.

तंबूबाहेर या घरची सून मागावर बसली आहे. माग जमिनीवर आडवा: चार खुंट्या ठोकलेल्या, दोन दांड्या, त्यांच्यामधे ताणा. ती आपल्याच विणलेल्या भागावर बसून पुढे सरकते. तिच्याजवळ बसा, ती हसेल आणि तुमच्या हातात धागा देईल. तांबडा बाणा इथवर आणायचा आणि मागे फिरवायचा. निळा पलीकडून आणायचा आणि शेजारच्या ताण्यावरून मागे फिरवायचा. दोन रंग एकमेकांना भेटत नाहीत, मधे उभी फट राहते. उभी रेघ लांबवली तर फट लांबेल आणि किलीम फाटेल, म्हणून ती दोन ओळींनंतर एक पायरी सरकते, मग पुन्हा एक. बघता बघता पायऱ्यांचा त्रिकोण होतो, दोन त्रिकोणांचा चौकोन होतो. किलीमवरची ती दातेरी, पायऱ्यांची नक्षी या फटीतून जन्माला आली आहे. किलीम उचलून उन्हाकडे धरा, फटींतून उजेडाच्या बारीक रेघा दिसतील. दोन्ही बाजूंनी सारखं, घडी घालून खांद्यावर टाकता येण्याजोगं हलकं. आपली सतरंजी याच विणीची, फक्त लोकरीऐवजी सुताची.

मग फणी. लोखंडी दात्यांची जड फणी ती बाण्यावर आपटते, आणि तुमच्या हातात ती आली की पाचव्या ठोक्याला मनगट दुखायला लागतं. ती मात्र बोलत बोलत ठोकते, मधेच पोराला हाक मारते, तव्यावरची भाकरी उलटते, पुन्हा ठोकते.

उद्या पहाटे खुंट्या उपटायच्या. अर्धवट काम दांड्यांसकट गुंडाळून उंटावर टाकायचं आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणायचं. ताण मागच्यासारखा बसत नाही, कड आत-बाहेर होते. शहरातला गिऱ्हाईक नंतर नाक मुरडतो: "वाकडा आहे." मला विचाराल तर त्या वाकड्या कडेइतकं प्रामाणिक या बाजारात दुसरं काही नाही. कुठे मुक्काम हलला ते तिच्यात दिसतं.

आता खाली उतरू. सवलानच्या पायथ्याशी, तब्रीझच्या पूर्वेला हेरीसची गावं आहेत. मातीची घरं, जर्दाळूची झाडं, दारात कोंबड्या. इथे घर हलत नाही, म्हणून माग उभा राहिला आहे. भिंतीला टेकवलेली दोन जाड लाकडं, वर-खाली तुळ्या, समोर आडवी फळी, फळीवर आई आणि दोन मुली मांडीला मांडी लावून. माग उभा झाल्याबरोबर गालिचा मोठा झाला. खोलीभर गालिचा आडव्या मागाच्या आवाक्यातला नाही.

समोर नकाशा नाही. नक्षी आईच्या डोक्यात आहे: मधे मोठं अष्टकोनी पदक, चार कोपरे, कड. गाठी जाड आहेत, आणि जाड गाठींनी गोलाई साधत नाही. म्हणून शहरी गालिच्यावरची नाजूक वेल हेरीसला आली की काटकोनात वळते, फुलाला कोपरे फुटतात. पाहणाऱ्याला तो खडबडीतपणा वाटेल. पण याच खडबडीत गालिच्यांवरून पिढ्यान् पिढ्या चालल्या तरी ते हार मानत नाहीत.

अंगणात या, आज रंग चढवायचा आहे. चुलीवर हंडा, हंड्यात मंजिष्ठाच्या जातीची मुळं कुटून टाकलेली. लोकर आधी तुरटीच्या पाण्यातून काढली आहे, नाहीतर रंग धरत नाही. वाफ तोंडावर येते, मातकट, गोडसर. आजी हंड्याजवळून हलत नाही, कारण पाणी उकळलं की लाल रंग तपकिरीकडे झुकतो. ती थर्मामीटर जाणत नाही. बोट बुडवते, काढते आणि एक लाकूड मागे ओढते. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, अक्रोडाच्या हिरव्या टरफलाचा तपकिरी, तोही याच अंगणात. गडद काळ्यासाठी लोखंडाचं पाणी लागतं आणि लोखंड लोकरीला खातं. म्हणून जुन्या गालिच्यात काळ्या रेघा झिजून खोल गेलेल्या दिसतात आणि बाकीची नक्षी वर उठून येते.

निळा मात्र रंगाऱ्याकडे. जमिनीत पुरलेल्या रांजणांची रांग, नाक धरावं असा आंबलेला वास. या रांजणांत हिंदुस्थानातून आलेली नीळही विरघळली आहे, गलबतांनी आणि मग उंटांनी प्रवास करून. रंगारी लोकरीची लड बुडवतो. आता डोळे मिटू नका. लड बाहेर येते ती पिवळट हिरवी. तुम्ही म्हणाल, फसला. तो ती हवेत झटकतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत हिरवा रंग काठाकाठाने निळा होत जातो. हवा लागल्याशिवाय नीळ निळी होत नाही. पुन्हा बुडवली की आणखी गडद. रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे, आणि ते आता कधी उतरायचे नाहीत.

घरच्या हंड्यात एका वेळी थोडीच लोकर मावते. पुढचा हंडा किंचित वेगळा उतरतो. गालिच्याच्या तांबड्या जमिनीत मधेच फिक्या रंगाचा आडवा पट्टा येतो, त्याला इथे आब्रश म्हणतात. तो दिसला तर नाराज होऊ नका. एक हंडा संपला आणि दुसरा सुरू झाला, एवढंच झालंय.

तब्रीझला परत. या गल्लीत आत शिरा, पायऱ्या उतरा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. कारखाना. इथे हवा जड आणि दमट आहे. कानावर येतं ते खट्-खट्-खट् असं न थांबणारं काहीतरी. दिसेल तेव्हा कळेल: भिंतीपासून भिंतीपर्यंत उभे माग आणि प्रत्येक मागासमोर फळीवर पुरुष आणि पोरगे. तंबूत आणि खेड्यात विणणाऱ्या बायका होत्या. तब्रीझच्या कारखान्यात त्या नाहीत.

मागाकडे बघा, त्याची करामत वेगळी. ताणा वरच्या आणि खालच्या तुळईभोवती वळसा घालून फिरतो. विणलेला भाग खालून मागे ओढला जातो आणि विणकराला फळी उंच करत बसावं लागत नाही. समोर चौकटींच्या कागदावर रंगवलेली नक्षी टांगली आहे, एक चौकट एक गाठ. आणि त्या पोराच्या मुठीत जो पोलादी तुकडा चमकतोय त्याच्या टोकाला आकडा, पात्याला धार. आकड्याने ताण्याचा धागा पुढे ओढतो, लोकर गुंतवतो, त्याच हाताने कापतो. नीट बघायचं म्हणून पुढे वाकाल तोवर तीन गाठी होऊन गेल्या.

त्याला हळू करायला सांगू. दोन ताणे. लोकर दोघांवरून आडवी, दोन्ही टोकं मागून वळून दोघांच्या मधून पुढे. दोघांच्या गळ्यात सारखा फास. ही तुर्की गाठ. तब्रीझ, हेरीस, शाहसेवन, कुर्द सगळे हीच मारतात. काशान, कर्मानकडे गेलात तर गाठ फारसी: एका ताण्याला पुरता वेढा, दुसऱ्याच्या नुसतं पाठीमागून. पहिली घट्ट, दुसरी बारीक वळणांना सोयीची, असं म्हणतात. तब्रीझवाले आकड्याच्या जोरावर पहिलीनेच वाटेल तेवढी बारीक वेल काढतात. तिकडच्या गावांत काही ठिकाणी नक्षी वाचून दाखवणारा असतो: तो लयीत गात सुटतो, दोन लाल, एक निळा, तीन सोडून पांढरा, आणि फळीवरचे हात त्या सुरावर चालतात. इथे तो सूर नाही, इथे आकड्यांची खट्-खट् आहे.

बारीकपणा मोजायचं माप 'रज', म्हणजे साधारण सात सेंटिमीटर रुंदीत किती गाठी. पन्नास रजचा, तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद गालिचा घेतलात तर त्यात तीस लाखांवर गाठी बसतात. तयार विणकर दिवसाकाठी दहा हजार मारू शकला, तर एकट्याला तीनशे दिवस. आता त्या फळीवर जरा बसून बघा. गुडघे वर, पाठ वाकलेली, डोळ्यांवर ताण. उस्तादची काठी कोपऱ्यात उभी आहे. शेजारचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याची बोटं बारीक आहेत म्हणून तो इथे आहे. हाजी आगाच्या ओट्यावर ज्या गालिच्याला सर्वांत जास्त किंमत पडते, तो या पोराच्या पाठीवर विणला जातो. मला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या गालिच्याच्या देखणेपणावर माझा जीव आहे, आणि त्या फळीवरून पोराला उचलून उन्हात न्यावं असंही तितकंच वाटतं.

जेवणाच्या सुट्टीत उस्ताद बोलका होतो. अर्दबीलच्या दर्ग्यातले दोन जुने प्रचंड गालिचे परदेशी व्यापाऱ्यांनी नेले, अशी बाजारात बोलवा आहे. खरी आहे ती. एकाचे तुकडे कापून दुसऱ्याची डागडुजी करण्यात आली. पुरा झालेला गालिचा 1893 साली लंडनच्या संग्रहालयाने दोन हजार पौंडांना घेतला आणि उरलेला जोडीदार पुढे लॉस अँजेलिसला पोचला. लंडनच्या गालिच्याची साडेदहा मीटर लांबी, रेशमी ताणा-बाणा, फारसी गाठ. त्यावर विणलेलं साल इसवीच्या हिशेबाने 1539-40 चं आहे, आणि शेजारी मकसूद काशानी हे नावही. याच काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैदीही गालिचे विणताहेत, हे मात्र उस्तादाला ठाऊक नाही. तुम्ही सांगितलंत तर तो विचारील: "रज किती?"

दिवस मावळला. हाजी आगाने जेवायला बोलावलंय, नाही म्हणू नका. उंबऱ्याबाहेर पुन्हा वहाणा काढा. इथल्या गालिच्यांना शंभर वर्षांचं आयुष्य मिळतं त्याचं एक कारण हे, की त्यांच्यावर पादत्राण कधी पडतच नाही.

खोली लांबट, आणि जमीन कुठेच दिसत नाही. मधे मुख्य गालिचा, त्याच्या दोन्ही अंगांना दोन लांब अरुंद पट्टे, आणि डोक्याकडे आडवा एक, कल्लेगी. चार मिळून खोली भरते. पाहुण्याची जागा डोक्याकडे, दारापासून सर्वांत लांब. तुम्ही संकोचाने दाराशी बसू पाहाल, ते तुम्हाला हाताला धरून वर नेतील. कडेच्या पट्ट्यांवर माणसं पाठीला लोड लावून बसतात आणि मधला गालिचा सगळ्यांच्या नजरेसमोर मोकळा राहतो. गालिचे अशा लांब-अरुंद मापांचे का असतात ते इथे बसल्यावर समजतं.

थंडी अजून आहे, म्हणून कोपऱ्यात कुर्सी मांडली आहे: बुटकं मेज, खाली निखाऱ्यांची शेगडी, वरून भली मोठी रजई, तिच्यावर जाजीम. पाय आत घाला. क्षणात पोटऱ्या तापतात, पाठ मात्र गारच. गालिच्यावर सुफ्रा पसरतात, त्यावर भाकरी, दही, हिरवा पाला आणि दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा तब्रीझी कोफ्ता. फोडलात की आतून उकडलेलं अंडं, जर्दाळू, अक्रोड. एक थेंब सांडलाच ना? घाबरू नका. उन्हाळ्यात हे सगळे गालिचे वाहत्या पाण्यावर जातील आणि त्यांच्यावर नाचून पोरं ते धुतील.

सकाळी पुन्हा तीमचा. आज पोऱ्या ढीग भराभर उलगडतोय आणि तुम्ही कालचे राहिलेले नाही, हात आपोआप कोपरा उलटायला जातो. गडद तांबडी जमीन आणि त्यावर एकच अष्टकोनी ठसा ओळीओळीने: तुर्कमेन. त्याच्याबरोबर ही पाच कोनांची झूल आलीय, नवरीच्या उंटाच्या अंगावर लटकवायची. उंटाच्या लोकरीच्या रंगाच्या जमिनीवर एक झाड आणि वर कमान: बलुची नमाजाचा, एकट्या माणसापुरता. हा उचलायला दोन हमाल लागले तो बिजारचा. कुर्द विणकर बाणा ओला करून लोखंडाने असा ठोकतात की गालिच्याची घडीच होत नाही. बळजबरी केलीत तर ताणा तुटेल, तो गुंडाळूनच न्यायचा. आणि हातरुमालासारखं पातळ, मासोळीच्या बारीक नक्षीने भरलेलं हे काय? लव नाही. उन्हाकडे धरा. हो, फटी आहेत, सनंदजचं किलीम. त्याच कुर्दांचं, बिजारपासून फार दूर नसलेल्या गावचं.

हा जांभळा जरा जपून. लव बोटांनी फाकवा आणि मुळाशी बघा. मुळाशी भडक, टोकाला राखाडी? युरोपातून डब्यातून आलेला रंग. बंदीचे हुकूम निघालेत, तरी तो येतो, कारण तो स्वस्त आहे आणि हंड्याजवळ दिवसभर उभं राहावं लागत नाही. रुमालाचं टोक ओलं करून घासा. रुमाल रंगला तर तो गालिचा बाजूला ढकला, हाजी आगा रागावणार नाही. उलट तुमच्या पेल्यात स्वतः चहा ओतेल.

मागच्या आवारात त्रेबिझोंदच्या बंदराकडे निघालेल्या कारवानासाठी गठ्ठे शिवले जाताहेत, सुया वीतभर लांब. उंट गुडघ्यांवर बसून कुरकुरताहेत. महिन्याहून जास्त दिवसांची वाट आहे. तुम्हाला काही घ्यायचं असेल तर आत्ताच ठरवा.

हाजी आगा विचारतो, कुठे अंथरणार? हा त्याचा खरा प्रश्न आहे, तेव्हा खरं उत्तर द्या. पोरंबाळं आणि वर्दळ असेल तर हेरीस. वारंवार बिऱ्हाड हलत असेल तर किलीम. एकट्याने सकाळी बसायचं असेल तर तो बलुची. भिंतीवर लावून नुसतं बघत राहायचं असेल तर काशान, पण मग खिसा जड हवा. त्याने सांगितलेल्या किमतीच्या अर्ध्यावर सुरुवात करा; तो दाढीची शपथ घेईल, तुम्ही उठायला लागा, तो बाही धरून बसवील, तिसरा चहा येईल. हमालाची मजुरी सौद्यात धरलेली नसते, ती आधीच विचारून घ्या.